कै. साने गुरुजी आणि देशोदेशींच्या गोष्टी

कै. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणातील पालगड येथे झाला. परंतु त्यांचे कार्य बहरले ते खानदेशात. 1924 साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. छात्रालयाची व्यवस्था त्यांजकडे आली, तेव्हा ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक ते मुलांसाठी स्वतः लिहून काढीत. 1930 साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यसंग्रामात पडले. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींनी गीतेवर दिलेली 18 प्रवचने त्यांनीच टिपून घेतली, हे आपणां धुळेकरांस भूषणावह होय. 11 जून 1950 रोजी त्यांची जीवनयात्रा संपली.

‘श्यामची आई’ घरोघरी आहे. परंतु ‘गोड गोष्टी’ या मालेचे दहा भाग आज कितीशा मुलांनी पाहिले असतील? ‘दुःखी’ ही फ्रान्सच्या व्हिक्टर ह्यूगोची कादंबरी. ‘मनूबाबा’ ही इंग्लंडातील जॉर्ज इलियट या लेखिकेची. खोट्या आळामुळे गाव सोडलेला एकाकी विणकर साठविलेले सोने गमावतो, आणि एके रात्री त्याच्या झोपडीत एक पोरकी मुलगी येते. गुरुजींनी तिचे नाव सोनी ठेविले! विलायतेची कथा अशी तापीकाठच्या पोरालाही आपली वाटावी. विद्वानांस हे रूपांतर सैल वाटेल, वाटो बापडे. ज्याच्या घरी इंग्रजीचा गंध नव्हता, त्याच्यासाठी ते होते.

यंदाच्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारात पेले-तबकांऐवजी हे भाग द्यावेत, अशी कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे.