रस्त्याकडेच्या तणाचा छायाचित्रकार : कार्ल ब्लॉसफेल्ट

१९२८ साली बर्लिनच्या एर्न्स्ट वासमुथ या प्रकाशनसंस्थेने एक छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध केला. ‘उरफॉर्मेन डेर कुन्स्ट’, म्हणजे ‘कलेची आदिरूपे’, हे त्याचे नाव. त्यात १२० चित्रे होती आणि बहुतेक चित्रांत कुठल्या तरी वनस्पतीचा एखादा लहानसा भाग अनेक पटींनी मोठा करून दाखवलेला होता : एखादा कोंब, एखादी कळी, सुकलेले बोंड, वेलीचा तणावा. पहिली आवृत्ती हातोहात संपली आणि पुढच्याच वर्षी इंग्रजी आवृत्तीही निघाली. ज्यांच्या नावाची अशी अचानक चर्चा सुरू झाली, ते कार्ल ब्लॉसफेल्ट तेव्हा साठी ओलांडलेले, एका कलाशाळेत प्रतिरूपण शिकवणारे शिक्षक होते. छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. जगाला नवी वाटलेली ही चित्रे त्यांच्या वर्गात मात्र अनेक वर्षांपासून नित्याच्या वापरात होती.

ब्लॉसफेल्ट यांचा जन्म १३ जून १८६५ रोजी जर्मनीतील हार्त्स पर्वताच्या परिसरातल्या शीलो या खेड्यात झाला. शालेय शिक्षणानंतर त्यांनी जवळच्याच मेग्डेश्प्रुंग येथील लोखंडाच्या ओतकाम कारखान्यात शिल्पकार आणि साचेकार म्हणून उमेदवारी केली. त्या काळी कठडे, फाटके, जाळ्या, दिव्यांचे खांब या सर्वांवर पानाफुलांची नक्षी असे. ती नक्षी आधी मातीत घडवावी लागे, मग तिचा साचा होई आणि अखेरीस लोखंडाचा रस त्यात ओतला जाई. पान हे पाहण्याची नव्हे, तर घडवण्याची वस्तू आहे, हा संस्कार त्यांच्यावर तिथेच झाला. पुढे छायाचित्रकार म्हणून गाजल्यावरही त्यांची नजर साचेकाराचीच राहिली.

१८८४ मध्ये ते बर्लिनला आले आणि उपयोजित कलांच्या संग्रहालयाला जोडलेल्या शाळेत शिष्यवृत्तीवर शिकले. तिथे त्यांची गाठ मोरिट्स मॉयरर या शिक्षकाशी पडली. मॉयरर यांचे म्हणणे असे की, ग्रीक स्तंभशीर्षापासून गॉथिक चर्चच्या कोरीवकामापर्यंत सर्व अलंकरणाचे मूळ वनस्पतीत आहे. परंतु नकलेवरून नक्कल करत गेल्याने त्यातला जीव गेला आहे, म्हणून विद्यार्थ्याला पुन्हा थेट रोपाकडे नेले पाहिजे. या कामासाठी प्रशियाच्या सरकारने त्यांना साहाय्य केले. १८९० च्या दशकात मॉयरर यांच्या तरुण साहाय्यकांपैकी एक म्हणून ब्लॉसफेल्ट इटलीत राहिले. वनस्पती गोळा करणे, सुकवणे, त्यांची प्रतिरूपे घडवणे हे त्यांचे काम होते.

या कामातली अडचण साधी, पण अवघड होती. खुडलेले रोप काही तासांत मान टाकते. दाबून सुकवले तर सपाट होते आणि त्याचा घाटच नाहीसा होतो. साच्यात घेतले तर बारीक लव आणि शिरा पुसल्या जातात. रोप टवटवीत असतानाचा त्याचा आकार कायमचा पकडायचा, तर छायाचित्राइतके सोयीचे दुसरे साधन नव्हते.

१८९८ पासून ब्लॉसफेल्ट बर्लिनच्या त्याच शाळेत शिकवू लागले. वनस्पतींवरून प्रतिरूपे घडवणे हा त्यांचा विषय होता आणि पुढची ३० वर्षे त्यांनी तोच शिकवला. विद्यार्थ्याला कोंबाच्या टोकाची रचना दाखवायची, तर ते टोक नखाएवढे. म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने लाकडी कॅमेरा तयार केला आणि त्यातून वनस्पतींचे भाग ३० पटींपर्यंत मोठे करून घेतले.

अशा छायाचित्रणात वस्तू मोठी दिसावी म्हणून भिंग काचपट्टीपासून दूर न्यावे लागते. जितके दूर न्यावे तितका प्रकाश पसरून मंद होतो. शिवाय इतक्या जवळून पाहताना कोंबाचे टोक स्पष्ट आले, तर त्याचा देठ धूसर होतो. दोन्ही स्पष्ट हवे असतील तर भिंगाचे छिद्र बारीक करावे लागते आणि प्रकाश आणखी घटतो. परिणामी एकेका चित्रासाठी कित्येक मिनिटे थांबावे लागे. एवढ्या वेळात वाऱ्याची झुळूक आली तरी काचपट्टी वाया जाई. म्हणून ब्लॉसफेल्ट रोप खोलीत आणत, त्यामागे करडा, पांढरा किंवा काळा पुठ्ठा लावत आणि खिडकीतून येणाऱ्या सौम्य उजेडात, बरोबर समोरून किंवा वरून, चित्र घेत. ३० वर्षांत ही पद्धत त्यांनी जवळजवळ बदलली नाही. त्यामुळेच त्यांची चित्रे शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहता येतात.

वनस्पतींची निवडही त्यांनी अशीच विचारपूर्वक केली. फुलवाल्याकडच्या शोभिवंत फुलांचे त्यांना फारसे आकर्षण नव्हते. रस्त्याच्या कडेला, रेल्वेच्या बांधावर, पडीक जागेत उगवणारे तण ते घरी आणत. अश्वपुच्छाचा कोंब त्यांच्या चित्रात एखाद्या मनोऱ्यासारखा दिसतो. आपल्याकडे हंसराज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नेच्याच्या कुळातली कोवळी, गुंडाळलेली पाने बिशपच्या राजदंडाची आठवण करून देतात. भोपळ्याच्या वेलीचे तणावे लोहाराने वळवलेल्या सळ्यांसारखे भासतात, तर बचनागाच्या कुळातला एक कोंब हात उंचावून उभ्या राहिलेल्या नर्तिकेसारखा.

मात्र ही चित्रे म्हणजे निसर्गाची निर्लेप नोंद नव्हे. नको असलेली पाने ब्लॉसफेल्ट कात्रीने छाटत, देठ हवा तसा मांडून घेत आणि काचपट्टीवरील दोष कुंचल्याने झाकत. त्यांच्या चित्रांत माती नाही, कीटक नाही, ऋतू नाही. वनस्पतिशास्त्रज्ञाच्या दृष्टीने ही मोठीच उणीव ठरेल. पण त्यांना रोपाचे चरित्र सांगायचे नव्हते, त्याची बांधणी दाखवायची होती. जे गाळले ते त्यांनी जाणूनबुजून गाळले.

कार्ल नीरेनडोर्फ या कलादालनचालकाच्या नजरेस ही चित्रे पडली, तेव्हा ती प्रथमच वर्गाबाहेर आली. १९२६ मध्ये त्यांनी बर्लिनमध्ये ती प्रदर्शनात मांडली. त्या प्रदर्शनाच्या शीर्षकात ‘निवडुंग’ हा शब्द होता, हे त्या काळाला साजेसेच म्हणावे लागेल. निवडुंगाचे तेव्हा जर्मनीत मोठे वेड होते. गेओर्ग शोल्ट्स यांनी १९२३ मध्ये खिडकीतले निवडुंग आणि बाहेरचे रेल्वे सिग्नल एकाच चित्रात रंगवले होते. आल्बर्ट रेंगर-पाट्श यांची रसाळ वनस्पतींची निकटची छायाचित्रे १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आली होती. रेखीव, भावनेचा ओलावा टाळणारी ही नवी दृष्टी ब्लॉसफेल्ट यांच्या चित्रांत स्वतःचे प्रतिबिंब पाहू लागली. वॉल्टर बेन्यामिन यांनी संग्रहाचे परीक्षण लिहून अशा विवर्धनातून दृश्यांचे एक नवे जग खुले होते, हे दाखवून दिले. १९२९ च्या श्टुटगार्टमधील ‘फिल्म उंड फोटो’ या प्रदर्शनात ही चित्रे आधुनिकांच्या पंगतीत बसली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जॉर्ज बाताय यांनी हीच चित्रे आपल्या लेखाबरोबर छापली, ती मात्र फुलांच्या सौंदर्याआड दडलेली कुरूपता आणि क्षय दाखवण्यासाठी.

यातला विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. ब्लॉसफेल्ट एकोणिसाव्या शतकातले गृहस्थ होते. उत्तम अलंकरण घडावे, एवढ्यासाठी त्यांनी हा सारा खटाटोप केला. पण चित्रे प्रसिद्ध झाली तोवर आधुनिक वास्तुकलेने अलंकरणच हद्दपार केले होते. ज्या कामासाठी ती काढली होती ते काम संपत आले, आणि नेमक्या त्याच वेळी चित्रांना स्वतंत्र आयुष्य लाभले. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले, त्यांच्या विचारांशी ब्लॉसफेल्ट यांचे फारसे नाते नव्हते. स्वतःला ते अखेरपर्यंत निसर्गाचे रूप विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवणारे शिक्षकच समजत राहिले.

१९३० मध्ये ते निवृत्त झाले. १९३२ मध्ये ‘वुंडरगार्टन डेर नाटुर’, म्हणजे ‘निसर्गाची अद्भुत बाग’, हा त्यांचा दुसरा संग्रह आला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबर रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. प्रसिद्धीचे सुख त्यांच्या वाट्याला जेमतेम चार वर्षे आले. त्यांची अनेक मूळ छायाचित्रे आणि वनस्पतींवरून घडवलेली ब्राँझची प्रतिरूपे आज बर्लिनच्या कलाविद्यापीठाच्या संग्रहात जतन केलेली आहेत.

आज खिशातल्या फोनलाही मुंगीचे डोळे आणि निवडुंगाचे काटे सहज टिपता येतात. ब्लॉसफेल्ट यांना एका चित्रासाठी लागणाऱ्या वेळात शेकडो चित्रे काढता येतात. तरीही त्यांच्या काचपट्ट्यांपुढे पाहणारा थबकतो. त्याचे कारण भिंगाच्या ताकदीत शोधून सापडणार नाही. एकच विषय, एकच पद्धत आणि कुणाचेही लक्ष नसताना ३० वर्षे चाललेले काम, एवढीच त्यांची सामग्री होती. ज्या तणाकडे येणारेजाणारे वळूनही पाहत नसत, ते वाकून उचलण्यापासून त्या कामाची सुरुवात होत असे.