घंटेआधीचे पावलॉव्ह

इव्हान पेट्रोविच पावलॉव्ह हे नाव घेतले की घंटा वाजते आणि कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, एवढेच बहुतेकांना आठवते. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी हे चित्र मनात पक्के केले आहे. मात्र १९०४ साली या रशियन शास्त्रज्ञाला नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. खाल्लेल्या अन्नाचे शरीरात पुढे काय होते, हा त्यांच्या उमेदीच्या वर्षांतील ध्यास होता.

रियाझान या शहरात एका धर्मोपदेशकाच्या घरी २६ सप्टेंबर १८४९ रोजी त्यांचा जन्म झाला. लहानपणी उंचावरून पडल्यामुळे त्यांची शाळा अकराव्या वर्षी सुरू झाली. घरच्या रीतीप्रमाणे ते धर्मशिक्षणाच्या विद्यालयात गेले खरे, पण विज्ञानाच्या ओढीने १८७० साली त्यांनी तो मार्ग सोडला आणि सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठ गाठले. पुढे वैद्यकाचे शिक्षण, विवाह, जर्मनीतील दोन वर्षे आणि कायमची ओढगस्त. प्राध्यापकपद मिळाले ते १८९० साली, चाळिशी गाठल्यावर. पाठोपाठ प्रायोगिक वैद्यक संस्थेच्या शरीरक्रियाशास्त्र विभागाची सूत्रे त्यांच्या हाती आली.

त्या काळी पचनाचा अभ्यास बहुधा प्राण्याला गुंगी देऊन, पोट उघडून केला जाई. वेदना आणि रक्तस्राव यांनी खिळखिळ्या झालेल्या शरीरात पाचकरस नीट स्रवतच नसत. पावलॉव्ह यांनी ही रीतच बदलली. रुग्णालयासारखी स्वच्छता राखून शस्त्रक्रिया करायची, कुत्र्याला पूर्ण बरे होऊ द्यायचे आणि मग जेवता-खाता प्राणी महिनोन्‌महिने निरखायचा, असा त्यांचा आग्रह होता.

एका प्रयोगात त्यांनी कुत्र्याची अन्ननलिका मानेपाशी छेदून बाहेर उघडली आणि जठराला नळी बसविली. कुत्रा मांस खाई. घास मानेतून बाहेर पडे. जठरात कणही पोहोचत नसताना पाचेक मिनिटांत नळीतून स्वच्छ जठररस वाहू लागे. मेंदूकडून येणारी व्हेगस ही मज्जातंतूंची जोडी कापली की हा प्रवाह थांबे. भुकेल्या जिवाचे पचन घास पोटात पडण्याआधीच सुरू होते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

खरी कसोटी लागली ती पुढच्या शस्त्रक्रियेत. जठराचा एक कोपरा वेगळा करून त्याची छोटी पिशवी बनवायची होती, म्हणजे अन्नाची भेसळ नसलेला रस मोजता येईल. ब्रेस्लाऊ येथील हायडेनहाइन यांनी अशी पिशवी केली होती, पण त्यात मज्जातंतू तुटत. ते शाबूत ठेवण्याच्या खटपटीत पावलॉव्ह यांच्या टेबलावर अनेक कुत्री दगावली. अखेर १८९४ साली द्रुझोक नावाच्या कुत्र्यावर शस्त्रक्रिया साधली. रशियन भाषेत या नावाचा अर्थ छोटा मित्र असा होतो. मांस, पाव आणि दूध यांच्यासाठी जठररसाचे प्रमाण, तीव्रता आणि स्रवण्याचा काळ वेगवेगळा असतो, हे या पिशवीतून दिसले. पावासाठी येणारा रस सर्वांत प्रभावी निघाला.

त्यांच्याच प्रयोगशाळेत १८९९ साली आणखी एक उलगडा झाला. स्वादुपिंडातून येणारे प्रथिने फोडणारे विकर आधी निष्क्रिय असते; लहान आतड्यातील दुसऱ्या विकराचा स्पर्श झाला की ते जागे होते. तसे नसते, तर स्वादुपिंडाने स्वतःलाच पचविले असते. आतड्यात शोषलेले अन्नघटक रक्तावाटे प्रथम यकृताकडे जातात; ही वाट शस्त्रक्रियेने चुकविलेल्या कुत्र्यांना मांस घातले असता ती लडखडत, त्यांना झटके येत. प्रथिनांपासून निर्माण होणारा अमोनिया यकृतच निरुपद्रवी करते, हे त्यावरून ध्यानी आले.

या ज्ञानाचे मोल मुक्या जनावरांनी चुकविले. पुढे तर कुत्र्यांचा जठररस अपचनावरील औषध म्हणून विकला जाऊ लागला आणि त्या पैशावर प्रयोगशाळेचा खर्च काही अंशी भागे.

पावलॉव्ह यांच्या मते पचनाचा सारा कारभार मज्जातंतूंच्या हाती होता. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी त्याला धक्का दिला. आतड्यात आम्ल पोहोचले की एक रसायन रक्तात उतरते आणि तेच स्वादुपिंडाला स्रवायला लावते, असे त्यांनी दाखविले. त्या रसायनाला सिक्रेटिन हे नाव मिळाले. पावलॉव्ह यांनी हा प्रयोग आपल्याकडे करवून घेतला. निकाल विरोधात गेल्यावर ते काही वेळ एकटेच आपल्या खोलीत बसले आणि बाहेर येऊन लंडनकरांचेच बरोबर असल्याचे त्यांनी मान्य केले. संतापी म्हणून ख्याती असलेल्या या माणसाच्या आयुष्यातील हा प्रसंग नोबेलइतकाच मोलाचा वाटतो.

त्यानंतर ते लाळेच्या प्रयोगांत रमले आणि जगाला घंटेचे पावलॉव्ह मिळाले. वास्तविक तेथे घंटेपेक्षा मेट्रोनोम अधिक वाजे.

क्रांतीनंतरच्या उपासमारीत, १९२१ साली, लेनिन यांनी त्यांच्यासाठी खास शिध्याचा हुकूम काढला. तरीही पावलॉव्ह राजवटीवर टीका करीत राहिले. लष्करी वैद्यक अकादमीतून १९२४ साली धर्मोपदेशकांच्या मुलांना काढण्यात आले, तेव्हा आपणही त्यांच्यातलेच, असे सांगून त्यांनी प्राध्यापकपद सोडले.

प्रायोगिक वैद्यक संस्थेच्या बागेत १९३५ साली कुत्र्याचे स्मारक उभे राहिले. त्यासाठीचा मजकूर पावलॉव्ह यांनीच दिला होता. पुढल्या वर्षी, २७ फेब्रुवारी १९३६ रोजी, लेनिनग्राडमध्ये न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ८६ वर्षांचे होते.