बिनतारी विद्येचे जनक मार्कोनी

बिनतारी संदेशविद्येचा विषय निघाला कीं गुल्येल्मो मार्कोनी यांचें नांव प्रथम ओठांवर येतें. त्यांचा जन्म इटलींतील बोलोन्या शहरीं ता. २५ एप्रिल १८७४ रोजीं झाला. वडील इटालियन जमीनदार. मातोश्री ॲनी जेम्सन या मूळच्या आयर्लंडमधील. विश्वविद्यालयाची पदवी त्यांस मिळाली नाहीं. परंतु हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें दाखविलेल्या विद्युत्-लाटांवरून संदेश धाडतां येईल, या कल्पनेनें त्यांच्या मनाची पकड घेतली. आणि १८९५ सालीं वडिलांच्या मळ्यांतून टेकडीपलीकडे खूण पोहोंचविण्यांत त्यांस यश आलें.

पुढें ते इंग्लंडांत गेले. ता. १२ डिसेंबर १९०१ रोजीं न्यूफाउंडलंड येथें पतंगास बांधलेल्या तारेवर, अटलांटिक महासागर ओलांडून आलेली खूण ऐकूं आल्याचें त्यांनीं जाहीर केलें. त्या प्रसंगीं पाऱ्याचा ग्राहक वापरला होता. अशा ग्राहकावरील संशोधन आपल्या जगदीशचंद्र बोस यांनीं १८९९ सालींच प्रसिद्ध केलें होतें, हें आपण विसरूं नये. १९०९ सालीं मार्कोनी व ब्राउन यांस नोबेल पारितोषिक विभागून मिळालें.

कीर्ति मिळाली, तरी विद्या अद्याप भरंवशाची नव्हती. १९०२ सालीं ‘फिलाडेल्फिया’ बोटीवरून जातांना मार्कोनी यांस आढळलें कीं, दिवसां सुमारें ७०० मैलांपलीकडे कांहींच ऐकूं येत नाहीं. रात्रीं मात्र खुणा २,००० मैलांवरही येतात. यावर त्यांनीं योजिलेला उपाय म्हणजे अधिक उंच मनोरे, अधिक लांब लाटा व अधिक शक्ति. वीस वर्षें हाच क्रम चालला. केंद्रें अवाढव्य झालीं, खर्च वाढला. तथापि वातावरणांतील विजेची खरखर संदेश बुडवीतच राहिली.

अशा वेळीं पुष्कळ माणसें आपल्याच मार्गाचा हट्ट धरितात. मार्कोनी यांनीं तसें केलें नाहीं. फ्रँकलिन या आपल्या सहकाऱ्यासह त्यांनीं १९१६ पासून लहान लाटांची कसून परीक्षा आरंभिली. १९२३ सालीं ‘एलेत्रा’ या आपल्या नौकेवर ते दूर समुद्रांत गेले. १९२४ सालीं ३२ मीटरांच्या लाटा भर दिवसां बैरूतपर्यंत पोहोंचल्या. वातावरणाच्या वरच्या थरावरून या लाटा परत फिरतात. दिवसां एक लांबी व रात्रीं दुसरी योजिली, आणि तारांच्या पडद्यानें सर्व लाटा एकाच दिशेस वळविल्या, म्हणजे थोड्या शक्तींत काम होतें. स्वतःची अर्ध्या आयुष्याची रचना मोडण्याचा सल्ला या पन्नाशीच्या गृहस्थानें स्वतःच दिला!

त्याचें फळ आपल्या शेजारींच दिसलें. १९२७ सालीं इंग्लंडशीं बिनतारी दळणवळण सुरू झालें, तेव्हां पाठविण्याचें केंद्र पुण्याजवळ खडकीस व ऐकण्याचें भीमाकांठीं दौंडास होतें. आपल्याच यंत्राच्या गोंगाटांत दूरचा क्षीण आवाज बुडूं नये, म्हणून दोहोंत हें अंतर राखिलें होतें.

मार्कोनी यांच्या चरित्रास डाग नाहीं असें नाहीं. १९२३ सालीं ते फॅसिस्ट पक्षांत शिरले व मुसोलिनीचे पाठीराखे राहिले. बुद्धीची दृष्टि तीक्ष्ण असली, म्हणजे न्यायाची असतेच असें नव्हे. ता. २० जुलै १९३७ रोजीं रोम येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या स्मरणार्थ अनेक बिनतारी केंद्रें दोन मिनिटें स्तब्ध राहिलीं.

विद्यार्थिमित्रहो, आज भिंगारच्या एखाद्या घरांतही दिवे, पंखे व कुलुपें बिनतारी जाळ्यानें चालतात. एक यंत्र दुसऱ्याच्या हातीं निरोप देतें. निरोप मध्येंच हरवूं लागला, कीं आपण बाजारांतून आणखी एक यंत्र आणतों. पण एकाच लाटेवर बोलणारीं यंत्रें वाढलीं, तर तीं एकमेकांसच अडवितात. म्हणून आधीं पहावें : मध्यें जाड दगडी भिंत आहे काय? लोखंडी कपाट आहे काय? शेजाऱ्याचें यंत्र त्याच लाटेवर आहे काय? दोन यंत्रांतील अंतर फार झालें काय? मग यंत्राची जागा किंवा लाट बदलावी. शक्ति वाढविण्यापूर्वीं कारण शोधावें, आणि कारण सांपडल्यावर जुना मार्ग सोडण्यास लाजूं नये, हाच या चरित्राचा बोध होय.