मातीतील सजीवसृष्टीचे पुरस्कर्ते : सर अल्बर्ट हॉवर्ड

शेतजमीन हे अन्नद्रव्यांचे निर्जीव कोठार नसून असंख्य सूक्ष्मजीवांचे वसतिस्थान आहे, हा विचार भारतीय भूमीवरील प्रयोगांतून जगापुढे मांडणाऱ्यांत सर अल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. परभणी जिल्ह्यात कापूस, तूर आणि सोयाबीन पिकते ती काळी माती. हॉवर्ड यांचे सर्वांत गाजलेले काम इंदूरच्या अशाच काळ्या मातीत झाले.

८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. केंब्रिज येथे शिक्षण घेतल्यावर वेस्ट इंडीजमध्ये त्यांनी पिकांवरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास केला. १९०५ मध्ये ते बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. पत्नी गॅब्रिएल याही नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून गव्हाचे सुधारित वाण विकसित केले. येथील शेतकऱ्यांना शिकवण्याऐवजी त्यांच्याकडूनच शिकावे, अशी हॉवर्ड यांची भूमिका होती.

१९२४ मध्ये होळकर संस्थानाच्या साहाय्याने इंदूर येथे त्यांनी संशोधन संस्था उभारली. पऱ्हाट्या कुजण्यास कठीण. म्हणून त्या शेतरस्त्यावर अंथरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडल्या जात. पुढे त्या गोठ्यात जनावरांखाली पसरून, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांच्यासह खड्ड्यात रचल्या जात. ओल आणि हवा यांचा मेळ राखला की प्रथम बुरशी व नंतर जिवाणू आपले काम करीत आणि सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार होई. हीच प्रसिद्ध इंदूर पद्धत. सहकारी यशवंत वाड यांच्यासमवेत १९३१ मध्ये त्यांनी तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

गॅब्रिएल यांचे १९३० मध्ये निधन झाले. त्यानंतर हॉवर्ड मायदेशी परतले. १९३४ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. जे मातीतून घेतले ते मातीला परत द्यावे, शहरांचा कचराही शेतात जावा, हा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत धरला. रासायनिक खतांना त्यांचा कडवा विरोध होता. २० ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांची सर्वच मते काळाच्या कसोटीवर उतरली नाहीत. माफक रासायनिक खताला सेंद्रिय खताची जोड दिल्यास सूक्ष्मजीव टिकतात, असे दीर्घकालीन प्रयोग सांगतात. मात्र स्फुरदाचा अतिरेक झाल्यास मुळांशी सहजीवन करणारी बुरशी घटते, हेही सिद्ध झाले आहे. शहरी कचऱ्याबाबत तर हॉवर्ड यांच्या काळी फारसा न जाणवलेला धोका पुढे आला. इंग्लंडमध्ये वोबर्न येथील प्रायोगिक शेतात १९४२ ते १९६१ या काळात सांडपाण्याचा गाळ घातला गेला. त्यातून जस्त, कॅडमियम यांसारखे धातू मातीत साचले. वीसहून अधिक वर्षे लोटल्यावरही तेथील क्लोव्हर या द्विदल चारापिकाच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र बांधण्यास असमर्थ ठरले. पीक उगवत होते, जमीन वरकरणी चांगली दिसत होती. हानी झाली होती ती डोळ्यांना न दिसणाऱ्या सृष्टीची.

तूर, सोयाबीन आणि हरभरा यांचा नत्रपुरवठा अशाच गाठींवर अवलंबून असल्याने परभणीच्या शेतकऱ्यासाठी ही बाब दूरची नाही. शहराचा कचरा शिवारात जरूर यावा. पण बॅटऱ्या, रंग आणि कारखान्यांचे सांडपाणी त्यापासून वेगळे काढूनच. मातीचे ऋण फेडावे, ही हॉवर्ड यांची शिकवण आजही मोलाची आहे. परतफेड विषमुक्त असावी, ही जोड तिला देण्याची जबाबदारी मात्र आजच्या पिढीची आहे.