राजर्षि शाहू छत्रपति : आजची भूक आणि उद्यांचें पाणी

राज्यकर्त्यापुढें दोन प्रकारचीं कामें सदैव उभीं असतात. आजचें काम दाराशीं येऊन हांका मारतें. उद्यांचें काम मुकाट्यानें वाट पाहत असतें. आधीं कोणाकडे वळावें, हा वाद शहाण्या लोकांतही मिटलेला नाहीं. कोल्हापूरचे राजर्षि शाहू छत्रपति यांच्या चरित्रांत ह्या वादाचें जें उत्तर सांपडतें, तें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें ठेवावें, असा आमचा हेतु आहे.

महाराजांचा जन्म कागलच्या घाटगे घराण्यांत ता. 26 जून 1874 रोजीं झाला. त्यांचें मूळचें नांव यशवंतराव. 1884 सालीं ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट व धारवाड येथें त्यांचें शिक्षण झालें आणि ता. 2 एप्रिल 1894 रोजीं राज्याधिकार त्यांच्या हातीं आला. तेव्हां त्यांस विसावें वर्ष चालू होतें.

अधिकार मिळून दोन-तीन वर्षें होतात न होतात, तोंच 1896-97 चा दुष्काळ पडला व त्याच्या पाठोपाठ प्लेगची सांथ आली. अशा वेळीं पुढील पन्नास वर्षांचे बेत करीत बसणारा राजा निष्ठुरच ठरला असता. महाराजांनीं स्वस्त धान्याचीं दुकानें उघडविलीं, धडधाकट माणसांस मजुरी मिळावी म्हणून सरकारी कामें काढलीं, निराधारांस आश्रय दिला, शेतकऱ्यांस तगाई दिली. भुकेल्याचा घास उद्यांवर टाकतां येत नाहीं, हें त्यांनीं नीट ओळखलें होतें.

परंतु दुष्काळ सरला कीं तो विसरून जावयाचा, ही राज्यकर्त्यांची जुनी खोड महाराजांना नव्हती. संस्थानच्या पश्चिमेस सह्याद्रीवर पाऊस धो धो पडे. तें पाणी नद्यांवाटे निघून जाई आणि उन्हाळ्यांत शेतें कोरडीं पडत. हें पाणी अडविल्याशिवाय पुढचा दुष्काळ टळणार नाहीं, असें जाणून 1902 सालीं त्यांनीं पाटबंधाऱ्यांचें धोरण हातीं घेतलें. पुढें कांहीं वर्षांतच भोगावती नदीवर मोठ्या धरणास आरंभ झाला. तेथें वसविलेल्या गांवास आपल्या कन्येवरून राधानगरी व तलावास महाराणींवरून लक्ष्मीबाई हीं नांवें त्यांनीं दिलीं.

लहानशा संस्थानास हा खर्च भारी होता. त्यांत 1914 सालीं महायुद्ध सुरू झालें. भिंत सुमारें चाळीस फूट चढली आणि 1918 च्या सुमारास पैशाच्या अडचणीमुळें काम थांबलें. ह्याच दिवसांत महाराजांनीं दुसरें एक खर्चाचें काम अंगावर घेतलें होतें. 1917 सालीं त्यांनीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि 1918 सालीं करवीर पेट्यांतील चिखली गांवीं त्याचा आरंभ झाला. जो बाप मुलास शाळेंत धाडणार नाहीं, त्यास महिना एक रुपया दंड ठेविला होता.

येथें आमचा वाद दरबारांतून निघून थेट कुणब्याच्या घरांत शिरतो. गुरें राखणारें पोर शाळेंत गेलें, तर आज गुरें कोणीं राखावीं? बापाची ही अडचण खोटी नव्हती. तिचा भार हलका व्हावा म्हणून शिक्षण विनामूल्य ठेविलें होतें. आणि पुढील शिक्षणासाठीं शहरांत येणाऱ्या गरीब मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय व्हावी, म्हणून 1901 पासूनच निरनिराळ्या जातिधर्मांचीं वसतिगृहें कोल्हापुरांत उघडण्यास महाराजांनीं हातभार लाविला होता. वसतिगृहांत आजची भाकरी आणि उद्यांची विद्या एकाच पंगतींत वाढली जात होती.

कोणी म्हणेल, जे लोक आज कर भरतात, त्यांच्याच सुखासाठीं तो पैसा लागावा. न जन्मलेल्यांसाठीं जिवंतांनीं कां झिजावें? हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. आमच्या मतें महाराजांच्या कृतींतून त्याचें उत्तर असें निघतें : ज्या संकटांत आज प्राण जाणार, त्यास पहिला मान, मात्र तें संकट सरतांच, तें पुन्हां येऊं नये म्हणून दरवर्षीं कांहीं तरी बाजूस काढलेंच पाहिजे. आजचा दुःखी मनुष्य अर्ज घेऊन राजवाड्याच्या दाराशीं उभा राहूं शकतो. पन्नास वर्षांनंतरच्या शेतकऱ्यास तें शक्य नाहीं. त्याची वकिली राजानेंच करावयाची असते.

ता. 6 मे 1922 रोजीं मुंबई येथें महाराजांचें निधन झालें. वयाचें अठ्ठेचाळिसावें वर्ष अजून पुरें झालें नव्हतें आणि राधानगरीची भिंत अर्धीच उभी होती. तें धरण पुरें झालें स्वातंत्र्यानंतर, 1950 नंतरच्या दशकांत. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे तलाव भरला म्हणजे आपोआप उघडतात, आणि त्याच्या पाण्यावर आजही मळे पिकतात. ज्यानें पाया घातला, त्यानें तें पाणी पाहिलें नाहीं.

आमच्या पालकांसही हा हिशेब परका नाहीं. महिन्याच्या मिळकतींतून आधीं घरांतील चूल पेटवावी लागते, आणि तरीही मुलांच्या फीसाठीं चार पैसे निराळे बांधून ठेवावे लागतात. विद्यार्थ्यांनीं एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, ज्या बांकावर तुम्ही बसतां, तो बांक कोणीतरी आपल्या आजच्या गरजेंतून कांहीं वगळून तुमच्यासाठीं घडविला आहे. आणि तुमच्या मागून येणारींही मुलें आहेत.