संताजी घोरपडे
सेनापती संताजी घोरपडे (मृत्यू : १६९७) हे छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील मराठी फौजांचे सेनापती होते. गनिमी काव्याने त्यांनी औरंगजेबाच्या नामांकित सरदारांना जेरीस आणले. कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुका आज पंचतारांकित औद्योगिक वसाहतीमुळे ओळखला जातो. याच तालुक्यातील सेनापती कापशी या गावाच्या नावात त्यांच्या घराण्याचे पद टिकून आहे.

सेनापतिपद
शिवाजी महाराजांच्या काळी लष्कराच्या प्रमुखास सरनौबत म्हणत. हा शब्द फारसी वळणाचा होता. १६७४ मधील राज्याभिषेकाच्या सुमारास पदांना संस्कृत नावे देण्यात आली, तेव्हा सरनौबताचा सेनापती झाला आणि अष्टप्रधानांत त्याला स्थान मिळाले. त्या वेळी हंबीरराव मोहिते या पदावर होते. छत्रपतींच्या मर्जीने मिळणारे हे पद त्यांच्याच मर्जीने काढूनही घेता येत असे.

कारकीर्द
संताजींचे वडील म्हाळोजी घोरपडे १६८९ मध्ये संगमेश्वर येथे संभाजी महाराजांवरील मोगलांचा हल्ला रोखताना धारातीर्थी पडले. पुढे राजाराम महाराज कर्नाटकातील जिंजीस गेले आणि स्वराज्य राखण्याचा भार प्रामुख्याने संताजी व धनाजी जाधव यांच्यावर आला. औरंगजेबाच्या छावणीवर छापा घालून संताजींनी शाही तंबूचे सोन्याचे कळस कापून आणले, अशी हकीकत बखरींत आढळते. १६९१ मध्ये त्यांना सेनापतिपद मिळाले.

१६९२ च्या अखेरीस त्यांनी कांचीजवळ मोगल सरदार अलीमर्दानखान याला कैद केले. १६९५ मध्ये कासीमखानाच्या फौजेला दोड्डेरी येथील गढीत कोंडून त्यांनी तिचे अन्नपाणी तोडले. वेढ्यातच कासीमखान मरण पावला. उरलेल्यांनी मोठी खंडणी देऊन सुटका करून घेतली. १६९६ च्या आरंभी बसवापट्टणजवळ हिंमतखान मारला गेला. संताजींशी गाठ पडलेला सरदार एक तर मरतो, नाही तर कैद होतो किंवा फौज गमावून परततो, अशा आशयाची नोंद मोगल इतिहासकार खाफीखानाने केली आहे.

मतभेद व मृत्यू
संताजींची शिस्त अत्यंत कडक होती. तिच्यामुळे त्यांना विजय मिळाले, पण स्वकीयही दुखावले गेले. १६९६ मध्ये राजाराम महाराजांशी त्यांचे मतभेद विकोपास गेले आणि धनाजी जाधवांशी प्रत्यक्ष लढाई झाली. तीत धनाजींचा पराभव झाला व अमृतराव निंबाळकर मारले गेले. यानंतर संताजींचे पद काढून धनाजींना देण्यात आले. सैन्याची साथ हळूहळू सुटत गेली. १६९७ मध्ये शंभुमहादेवाच्या डोंगरी मुलखात म्हसवडचे नागोजी माने यांनी त्यांना ठार केले. अमृतराव हे नागोजींच्या पत्नीचे बंधू असल्याने हा सूड मानला जातो. शत्रूला रणात न सापडलेला हा सेनानी अखेर आपसांतील वैराला बळी पडला.

वारसा
पुढे कोल्हापूर गादीचे सेनापतिपद संताजींच्या घराण्यात, म्हणजे कापशीकर घोरपड्यांकडे आले. कापशी ही कोल्हापूर संस्थानातील एक जहागीर होती. इचलकरंजी संस्थानाचे मूळ पुरुष नारो महादेव जोशी हे संताजींच्या आश्रयाखाली पुढे आले. कृतज्ञतेपोटी त्यांनी घोरपडे हे आडनाव स्वीकारले. हयातीत काढून घेतले गेलेले पद अशा रीतीने संताजींच्या वंशात परत आले आणि आज ते कापशी गावाच्या नावाआधी लिहिले जाते.