सर अँब्रोज फ्लेमिंग

दहावीची परीक्षा जवळ आली की आमच्या वर्गात दरसाल एक मौजेचा देखावा दिसतो. मुलेमुली डाव्या हाताची तर्जनी, मधले बोट व अंगठा एकमेकांशी काटकोनात ताणून धरतात आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत बसतात : तर्जनी चुंबकीय क्षेत्राची, मधले बोट विद्युत्प्रवाहाचे, अंगठा बलाचा. ही युक्ती ज्या प्राध्यापकांनी आपल्या गोंधळलेल्या विद्यार्थ्यांकरिता शोधून काढली त्यांचे नाव सर्वांस पाठ असते. परंतु हे फ्लेमिंग कोण, असे विचारले असता वर्ग स्तब्ध होतो. पालकांपैकी ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळचा रेडिओ माळ्यावर पडून आहे, त्यांनी तर हे चरित्र अवश्य वाचावे. त्या पेटीत ज्या काचेच्या नळ्या आहेत त्यांचा मूळपुरुष फ्लेमिंगच होत.

जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांचा जन्म 29 नोव्हेंबर 1849 रोजी इंग्लंडातील लँकेस्टर गावी झाला. वडील काँग्रिगेशनल पंथाचे पाळक होते. 1831 साली आपल्या नगरास ज्या अमेरिकन मिशनने कार्य आरंभिले, त्या मिशनच्या मंडळींतही हाच पंथ प्रमुख होता. पाळकाच्या घरी सात मुले; पैशाची सुबत्ता कोठून असणार? अँब्रोज सर्वांत वडील. दिवसा शेअरदलालाच्या कचेरीत कारकुनी व रात्री अभ्यास, असे करीत त्यांनी 1870 साली लंडन विद्यापीठाची पदवी मिळविली. पुढे केंब्रिजला जाण्याची उत्कट इच्छा होती, पण पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी शाळामास्तरकी पत्करली आणि सुमारे चारशे पौंड शिल्लक पडल्यावर, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, 1877 साली ते पुन्हा विद्यार्थी म्हणून बाकावर जाऊन बसले. आमच्यासारख्या शिक्षकांस हा भाग विशेष प्रिय वाटतो, हे कबूल केले पाहिजे. केंब्रिजला गुरू लाभले ते प्रत्यक्ष क्लार्क मॅक्सवेल. त्या थोर शास्त्रज्ञाच्या व्याख्यानास कधी कधी फ्लेमिंग हे एकटेच श्रोते असत, आणि व्याख्यान त्यांस फार कठीण जाई!

1885 साली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विद्युत् अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. आरंभी त्यांस मिळालेली साधनसामग्री म्हणजे एक फळा व एक खडू. याच जागी त्यांनी 1926 सालापर्यंत शिकविले.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. 1882 पासून फ्लेमिंग हे एडिसनच्या लंडनमधील विजेच्या दिव्यांच्या कंपनीचे सल्लागार होते. त्या काळच्या दिव्यांची काच आतून हळूहळू काळी पडे. एडिसनने दिव्याच्या पोकळीत एक धातूची पट्टी बसवून पाहिली, तेव्हा असे आढळले की तार तापलेली असता व पट्टीस धन टोक जोडले असता मधल्या रिकाम्या जागेतून प्रवाह वाहतो. ऋण टोक जोडले तर वाहत नाही. एडिसनला याचे नवल वाटले, पण पुढे त्याने त्यात लक्ष घातले नाही. फ्लेमिंग यांनी मात्र असे दिवे खास करवून घेऊन अनेक प्रयोग केले, निबंध वाचले आणि अखेरीस ते दिवे कपाटात ठेवून दिले. तेथे ते वर्षानुवर्षे पडून राहिले.

मध्यंतरी बिनतारी संदेशाचे युग आले. 1899 पासून फ्लेमिंग मार्कोनी कंपनीचे सल्लागार झाले. 12 डिसेंबर 1901 रोजी अटलांटिक महासागरापलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये मार्कोनीने तीन टिंबांचा संकेत ऐकला, तो ज्या पोल्डू येथील केंद्रातून निघाला त्याची विद्युत्‌यंत्रणा फ्लेमिंग यांनी आखली होती. यशाचे मुख्य श्रेय मार्कोनीचेच राहील असे कंपनीने त्यांस आधीच कळविले होते. आणि झालेही तसेच. हे त्यांच्या मनास लागले. त्यांचा स्वभाव काही अगदी शांत नव्हता. 1903 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान चालू असता मॅस्केलीन नावाच्या जादूगाराने जवळूनच बिनतारी लहरी सोडून यंत्रावर टिंगलीचे शब्द उमटविले. फ्लेमिंग यांनी वर्तमानपत्रात संतापाचे पत्र लिहिले. मॅस्केलीनने उलट हे दाखवून दिले की बिनतारी संदेशात कोणीही ढवळाढवळ करू शकतो. आमच्या मते त्या वादात जादूगाराचीच बाजू खरी होती.

त्या दिवसांत खरी अडचण होती ती लहरी ओळखण्याची. त्यांचा प्रवाह सेकंदात लक्षावधी वेळा दिशा पालटतो. साध्या मापकाचा काटा त्यामागे धावू शकत नाही. जे उपाय होते त्यांपैकी चांगल्यात चांगला म्हणजे कानाला यंत्र लावून बारीक आवाज ऐकणे. आणि फ्लेमिंग यांस ऐकू कमी येत असे! वयाबरोबर बहिरेपणा वाढत चालला होता. कानाने न कळणारी गोष्ट डोळ्यांस दिसावी, ही त्यांची गरज होती. 1904 च्या ऑक्टोबरात विचार करता करता त्यांस कपाटातील ते जुने दिवे आठवले. ज्यातून प्रवाह एकाच दिशेने जातो असा दिवा मध्ये घातला, तर दुतर्फा धावणारा प्रवाह एकेरी होईल आणि काटा हलेल. दिवे बाहेर काढले, सहायकाने जोडणी केली, आणि काटा हलला. 16 नोव्हेंबर 1904 रोजी त्यांनी पेटंटकरिता अर्ज केला. या नळीस त्यांनी 'व्हॉल्व्ह' म्हणजे झडप असे नाव दिले. आपल्याकडील शेतकऱ्यांच्या मुलांस हे नाव समजावून सांगावे लागत नाही. विहिरीतील पंपाच्या नळाखाली फूटव्हॉल्व्ह असतो, तो पाणी वर जाऊ देतो, खाली परतू देत नाही.

दोन वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट याने तार व पट्टी यांच्यामध्ये आणखी एक जाळी घालण्यास आरंभ केला. पाटाच्या मोरीवरील फळी एका मुलाने किंचित वरखाली केली तरी शेताकडे जाणारा सर्व ओघ कमीजास्त होतो, तसेच जाळीवरील अल्प विद्युद्दाब मोठ्या प्रवाहास नाचवितो. यामुळे क्षीण ध्वनी मोठा करता येऊ लागला. फ्लेमिंग यांस मात्र यात आपल्या शोधाची चोरीच दिसली व ते जन्मभर तसेच म्हणत राहिले. 1916 साली अमेरिकन न्यायालयाने त्यांच्या पेटंटाच्या बाजूने निकाल दिला; 1943 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तेच पेटंट रद्द ठरविले. तेव्हा फ्लेमिंग 93 वर्षांचे होते. जाळीचे श्रेय डी फॉरेस्टचेच, असे आम्हांस वाटते. परंतु जाळी ज्या नळीत बसली ती नळी कोणाची, हेही विसरता येत नाही.

23 जुलै 1927 रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले ते अशाच नळ्यांच्या बळावर. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि घरोघरच्या पेट्यांतील नळ्या मावळल्या. तथापि गाण्याच्या शौकिनांनी त्या सोडल्या नाहीत. तबकडीवरील सुईपासून जेमतेम पाच सहस्रांश व्होल्ट मिळतो. तो मुख्य ध्वनिवर्धकास देण्याजोगा करणारे जे उपकरण, त्यास प्रिअँप्लिफायर म्हणतात, आणि ते नळ्यांचे असावे असा आग्रह धरणारे पालक आम्हांस भेटले आहेत. त्यांस आमचे सांगणे एवढेच, की नळीच्या कीर्तीपेक्षा तिचा वर्धनांक आधी पाहावा. ईसीसी 83, जिला अमेरिकन लोक 12 एएक्स 7 म्हणतात, तिचा वर्धनांक 100 आहे; ती तबकडीकरिता योग्य. ईसीसी 82 चा वीसच्याही आत. ज्या यंत्राचा आवाज मुळातच एकदोन व्होल्टांचा आहे त्यास तीच पुरे. दोहींच्या नऊ पिना सारख्याच, म्हणून एकीच्या जागी दुसरी सहज बसते आणि लोक फसतात. नको तेथे 83 घातली तर आवाजाची कळ जराशी फिरविताच घर दणाणते. नळीच्या काचेवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारावी; ध्वनिक्षेपकातून घंटेसारखा नाद आला तर ती नळी प्रिअँप्लिफायरच्या कामाची नव्हे. नळीचा आवाज गोड लागतो हे खरे, पण त्या गोडीत थोडी भर नळीने आपल्या पदरची घातलेली असते. आणि विद्यार्थ्यांनी अशी पेटी स्वतः उघडू नये. आत 250 व्होल्ट किंवा अधिक दाब असतो व बटण बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतो.

फ्लेमिंग यांस 1929 साली 'सर' ही पदवी मिळाली. लंडनच्या फिजिकल सोसायटीपुढे 1874 साली पहिला निबंध त्यांनी वाचला होता. त्याच संस्थेपुढे 1939 साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांनी पुन्हा निबंध वाचला. 1933 साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी दुसरा विवाह केला. वधू ऑलिव्ह फ्रँक्स या गायिका होत्या. त्यांचे गाणे त्या वयात फ्लेमिंग यांच्या कानांस कितपत पोहोचत असेल, हा विचार आमच्या मनात वारंवार येतो. 18 एप्रिल 1945 रोजी सिडमथ येथे त्यांचे देहावसान झाले. कपाटातून काढलेल्या त्या मूळ नळ्या लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जपून ठेवलेल्या आहेत.